पहिल्या पानावर यायचंय? या, बसा

तर वेबसाईट झाली. अभिनंदन! सेमाडोहला रस्त्याच्या कडेला खवा-रबडीचं दुकान, मागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या, त्यामागे म्हशी, आणि आता या सगळ्यांच्या वर कुठेतरी हवेत तुमची वेबसाईट. उघडल्याबरोबर वाघ डरकाळी फोडतो, खालून 'आपले सहर्ष स्वागत आहे' ही अक्षरं धावत जातात आणि कोपऱ्यात भेट देणाऱ्यांचा आकडा फिरतो. आकडा ४१ आहे. त्यातले ३८ वेळा तुम्ही स्वतः, २ वेळा पुतण्या. उरलेला एक कोण, यावर घरात अजून एकमत नाही.

आणि तुमची तक्रार अशी की, 'गुगलवर टाकून पाह्यलं भाऊ, आपलं नावच दिसून नाही राह्यलं.' दिसेल कसं? तुम्ही बाराव्या पानावर आहात. बाराव्या पानावर माणूस दोनच कारणांनी पोचतो: स्वतःला शोधत, नाहीतर बोट चुकून.

घाबरू नका. अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या एका बोळात, खाली झेरॉक्स आणि वर मी, असा माझा हा धंदा बरीच वर्षं चालू आहे. पाटीवर लिहिलंय: 'सोशल मीडियातून गुगलच्या पहिल्या पानावर. हमखास.' यातला 'हमखास' सर्वांत मोठ्या अक्षरात आहे, कारण पेंटर अक्षरांवर पैसे घेतो आणि मोठ्या-लहानाचा भाव त्याच्याकडे एकच होता. पुढच्या पायऱ्या एकेक करून चढा. घाटातला रस्ता आहे, मधेच खाली पाहू नका.

पायरी १. आधी रेंज शोधा

पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ सुरुवातीलाच घसरतात. ते म्हणतात, आधी कीवर्ड शोधा. सेमाडोहात आधी रेंज शोधावी लागते. परतवाड्याहून धारणीकडे निघालेली गाडी घाट चढू लागली की फोनवरच्या दांड्या एकेक करून उतरू लागतात. तुमच्याच गावचे एक काका माझे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांनी मागच्या टेकाडावर रेंजची जागा हेरून तिथं एक दगड मांडून ठेवलाय. दगडावर उजवा पाय, डावा हात वर, तोंड पूर्वेला. या आसनात एक फोटो फेसबुकवर चढायला बिडी संपते एवढा वेळ लागतो. पावसाळ्यात दोन.

'एवढ्या रेंजवर कसं काय व्हायचं?' असं विचारू नका. तुमच्याच रस्त्यावर, धारणीच्या अंगाला, हरिसाल आहे. २०१६ साली त्याचा देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजावाजा झाला. सरकार आलं, मायक्रोसॉफ्ट आलं, जाहिरात निघाली. मग २०१९ च्या लोकसभेच्या प्रचारात राज ठाकरेंनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत तीच जाहिरात भर सभेत पडद्यावर लावली आणि जाहिरातीत झळकलेला तरुणच व्यासपीठावर आणून उभा केला. म्हणजे पाहा, हरिसालचं नाव देशभर एकदा झालं ते डिजिटल झालं म्हणून, आणि दुसऱ्यांदा झालं ते 'कुठं झालं?' म्हणून. दोन्ही वेळा नाव झालंच. रेंजवाचून प्रसिद्धीचं याहून चांगलं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. तुमच्यावर कुणी सभेत बोलेल अशी चिन्हं नसल्यानं आपण आपलं फेसबुकवर येऊ.

पायरी २. लिंक म्हणजे मत, एवढं समजून घ्या. जास्त समजून घेऊ नका

१९९८ साली स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी असं ठरवलं की एका पानानं दुसऱ्या पानाची लिंक दिली म्हणजे त्याला मत दिलं. ज्याला मतं जास्त, तो वर. शिवाय सगळी मतं सारख्या वजनाची नाहीत. ज्याला स्वतःला भरपूर मतं आहेत त्याचं मत जड. हे राज्यशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही, पण ग्रामपंचायतीत राहिलेल्या माणसाला लगेच कळतं: पाटलानं मान हलवली की अर्धी आळी हलते. वनखात्याच्या किंवा एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राच्या साईटनं तुमची लिंक दिली तर ती पाटलाची मान. मावसभावाच्या साईटनं दिली तर मावसभावाची.

आता पुढची गोष्ट हळू आवाजात सांगतो. २००५ साली गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी मिळून लिंकवर मारायचा एक शिक्का काढला. 'नोफॉलो.' अर्थ: ही लिंक दिसू द्या, पण मत म्हणून मोजू नका. फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्रामवर बाहेरच्या साईटची जी लिंक तुम्ही टाकता, तिच्यावर हा शिक्का असतोच. थोडक्यात, फेसबुकवरची लिंक म्हणजे रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून, पेटीच नसलेल्या खोलीत टाकलेलं मत.

'मंग थ्या लिंका टाकाच्या कायले?' काकांनी मला हाच प्रश्न विचारला होता. हा प्रश्न पहिला हप्ता दिल्यानंतर विचारायचा असतो. शिवाय २०१९ मध्ये गुगलनं जाहीर केलं की यापुढे हा शिक्का आम्ही हुकूम म्हणून पाळणार नाही, 'इशारा' म्हणून पाहू. या एका 'इशारा' शब्दावर आमच्या धंद्यात काही जणांचे वरचे मजले चढलेत. माझी नुसती गच्ची झाली, पण मी उशिरा वाचलं.

पायरी ३. व्हॉट्सॲपवर तुटून पडा

फोनमध्ये जेवढे ग्रुप असतील तेवढ्यांवर लिंक टाका. भाऊबंद, सासरवाडी, दहावीची बॅच, भजनी मंडळ, म्हैस-बाजार, आणि पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या स्वयंपाकासाठी उघडलेला तो ग्रुप जो बंद करायचा कुणाला सुचलं नाही. रोज सकाळी सूर्य, गुलाब आणि सुविचार यांच्या खाली लिंक डकवा.

आता थोडं दुःख. २०१८ पासून भारतात एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी फॉरवर्ड जात नाही, त्यामुळे अंगठ्याला मेहनत आहे. आणि २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा मजकूर दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतो. गुगलचा यंत्रमानव तिथं डोकावू शकत नाही. म्हणजे तुमची लिंक जगातल्या प्रत्येक नातेवाइकाला दिसेल. फक्त ज्याला दाखवायची तो गुगल तेवढा बाहेर, दारात, चपला हातात घेऊन उभा.

पण गुगलला आपल्या सुप्रभातांची अगदीच कदर नाही असं म्हणता येणार नाही. भारतात एवढे फोन का अडतात याचा शोध त्यांच्या माणसांनी लावला, तेव्हा २०१८ च्या सुरुवातीला बातमी आली की मेमरी शुभसकाळच्या चित्रांनी तुंबते. मग ती चित्रं हुडकून पुसून टाकायची सोय त्यांनी आपल्या ॲपमध्ये दिली. तुमच्या मेहनतीची एवढी जागतिक दखल घेतली गेली, हे काय कमी आहे?

पायरी ४. लाईकची भिशी काढा

ही माझी स्वतःची विद्या. शहरातले लोक याला 'एंगेजमेंट पॉड' म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. आपण भिशी म्हणू.

अठरा धंदेवाले जमवा. आमच्या भिशीत परतवाड्याचे टायरवाले आहेत, अकोल्याचे दातांचे डॉक्टर, दर्यापूरचं एक मंगल कार्यालय, मूर्तिजापूरच्या शिवणक्लासच्या ताई, अंजनगावचे पानपिंपळीवाले आणि तुमच्या गावचे काका. नियम सोपा आहे. रोज सकाळी दहाच्या आत प्रत्येकानं बाकी सतरांच्या पोस्टला लाईक द्यायचा आणि खाली कमीत कमी तीन शब्दांची कमेंट लिहायची. महिन्यातून एकदा एकाची 'उचल'. त्या दिवशी सगळ्यांनी त्याची पोस्ट शेअरही करायची.

परिणाम आठवड्यात दिसू लागतो. उपटलेल्या अक्कलदाढेच्या फोटोखाली 'खूप छान माहिती'. रिमोल्ड केलेल्या टायरखाली 'असेच पुढे जा'. काकांच्या रबडीच्या फोटोखाली दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, 'नक्की खा, मग या'. पहिल्या महिन्यात भिशीतून एवढाच खरा धंदा झाला आणि तो अकोल्याला गेला.

मधे एक जरा गालबोट लागलं. टायरवाल्यांचे वडील गेले. त्यांनी बिचाऱ्यांनी फोटो टाकून दुःखद बातमी लिहिली. ती नेमकी उचलीच्या दिवशी. दहाच्या आत खाली सतरा वेळा 'खूप छान माहिती'. शिवणक्लासच्या ताईंनी चुकचुकत पुसलं, आणि सवयीनं पुन्हा तेच लिहिलं. टायरवाले काही बोलले नाहीत. दहाव्याचा फोटो त्यांनी भिशीत टाकला नाही एवढंच.

फॉलोअर कमी वाटत असतील तर विकत मिळतात, हजाराच्या ठोक भावात. येतात ते कुठले असतात विचारू नका. काकांना एका रात्रीत दोन हजार मिळाले. एकाचंही नाव काकांना वाचता येईना. 'हे पाव्हणे सेमाडोहात कवा येतीन?' असं ते मला विचारत होते आणि दोनच खोल्या आहेत म्हणून काळजीत होते.

एक मात्र बजावून ठेवतो. लाईकची भिशी चालते. लिंकांची भिशी काढू नका. साईटनं साईटला पैसे देऊन लिंक घ्यायची, याला गुगल फसवणूक म्हणतो. २०११ साली जेसी पेनी या अमेरिकेतल्या मोठ्या दुकानसाखळीचं असलंच लिंकांचं जाळं न्यूयॉर्क टाईम्सनं उघडं पाडलं आणि सतरंजीपासून पलंगपोसापर्यंत पहिल्या नंबरवर असलेली साईट गुगलनं खाली ढकलून दिली. त्याच वर्षी गुगलनं 'पांडा' नावाचा नियम आणला, निकस मजकुराला चाप लावणारा. आणि २०१२ मध्ये 'पेंग्विन', बनावट लिंकांवर. आयुष्य वाघाच्या जंगलात काढल्यावर पेंग्विनला भिऊन राहावं लागेल असं तुम्हाला वाटलं नसेल. लाईकच्या भिशीला मात्र पेंग्विन हात लावत नाही. जे मोजलंच जात नाही त्यात फसवणूक कसली?

पायरी ५. वाघ दाखवा

सेमाडोहचा पाहुणा रबडीसाठी येत नाही, वाघासाठी येतो. येताना वाघ, जाताना रबडी, असा आपला व्यवहार आहे. तेव्हा पोस्टमध्ये वाघ पाहिजे.

अडचण अशी की मेळघाट हा १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांतला एक, ताडोब्याच्या व्याघ्र प्रकल्पापेक्षा वीसेक वर्षांनी थोरला, पण इथला वाघ मिजासखोर. दाट साग, दऱ्या, कडे. आमच्या सिपनेच्या नावाचाच अर्थ कोरकूत साग. ताडोब्याचा वाघ जिप्सीपुढून फोटोला पोझ देत चालतो. मेळघाटचा वाघ पावलाचा ठसा ठेवतो आणि तुम्ही त्या ठशाचा फोटो काढत असता तेव्हा मागून तुमच्याकडे पाहत असतो, असं गाईड सांगतात. एकंदरीत हा वाघ तुमच्या वेबसाईटसारखा आहे. आहे, पण दिसत नाही.

यावर आमच्या धंद्याचा तोडगा: ताडोब्याचा वाघ उचला. फोटोच्या कडेला जिप्सींची रांग असेल तर कापा. पाठीमागे बांबू दिसला तर दिसू द्या, बांबू आपल्याकडेही आहे. वर लिहा, 'आज सकाळी, सेमाडोह'. हल्ली तर ताडोब्यालाही जायला नको, वाघ घरबसल्या बनवून मिळतो. फक्त पंजाला बोटं किती दिली आहेत ते एकदा मोजून घ्या.

काकांनी असा एक टाकला. तो सहाशे जणांनी शेअर केला. नागपूरच्या एका वन्यजीवप्रेमी गृहस्थांनी खाली लिहिलं की या वाघिणीच्या गालावरचे पट्टे मी ओळखतो, ही अमुक तलावावरची अमुक, ही सेमाडोहात कशी आली? काकांनी उत्तर दिलं, 'एसटीनं.' त्यावर आठशे लाईक पडले. वेबसाईटला मिळालेला हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा प्रतिसाद. वेबसाईट मात्र त्या दिवशी बंद होती.

खोट्या पाटीला कुणी नावं ठेवू लागलं तर त्यांना रानपिंगळ्याची गोष्ट सांगा. हे एवढंसं घुबड. १८८४ नंतर ते कुणालाच सापडलं नाही. संपलं असं लोक धरून चालले. मधे एकच आधार होता: रिचर्ड माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज कर्नलनं आपल्या संग्रहातल्या एका नमुन्यावर पाटी लावली होती, '१९१४, मांडवी'. ही मांडवी गुजरातेत, तापीवर. शोधणारे तिकडे जात आणि हात हलवत परत येत. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी जुने नमुने चाळले तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांनी एकोणिसाव्या शतकातलाच एक नमुना संग्रहालयातून ढापला, त्याला नवा भुसा भरला आणि आपल्या नावाची पाटी लावली. मांडवीची पाटी बाईंनी बाजूला ठेवली, खऱ्या जुन्या पाट्यांवरची ठिकाणं धरली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पिंगळा समोर बसलेला. ११३ वर्षांनी! नंतर तो आपल्या मेळघाटातही आढळला. इथला इथेच होता म्हणा ना. नुसती चुकीची पाटी मोठ्या माणसाच्या नावाची होती.

गोष्ट सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती आपल्या बाजूची नाही. गिऱ्हाइकाला सांगताना कर्नलशी थांबा.

पायरी ६. सगळी नावं लिहा

सेमाडोह, सिमाडोह, सेमाडोहा, शेमाडोह. मेळघाट, मेलघाट, मेळाघाट. खंडवा-बुऱ्हाणपूरकडून येणाऱ्यांसाठी हिंदीत एकदा. मग हॅशटॅग: रबडी, खवा, वाघ, अस्वल, निसर्ग, मनःशांती, हनिमून, पोलीस भरती. शेवटचा कशाला असं काकांनी विचारलं. त्याला शोधणारे लोक फार आहेत, आले तर चहा पितील. साईटवर हीच नावं पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत दोनशे वेळा लिहून ठेवायची जुनी पद्धत होती. गुगलला ती फार आधी कळली, पण गिऱ्हाइकाला अजून कळलेली नाही, म्हणून दरपत्रकात ठेवली आहे. 'कीवर्ड टॅग'चंही तेच. तो आपण पाहत नाही असं गुगलनं २००९ सालीच सांगितलं. माझ्याकडे त्याचे आठशे रुपये.

पायरी ७. गुगल प्लस

इथं आमचं एक जुनं पॅकेज होतं: रोज दहा 'प्लस वन'. गुगलचंच सोशल मीडिया, तेव्हा गुगल आपल्या माणसाचं ऐकणारच, असा युक्तिवाद होता आणि तो मलाही पटला होता. २०११ च्या जूनमध्ये सुरू झालं, २ एप्रिल २०१९ ला बंद. एप्रिलच्या हप्त्याचे पैसे मी परत केले नाहीत. वेबसाईटला श्रद्धांजलीची पोस्ट करून दिली.

पायरी ८. अहवाल द्या, घ्या, आणि लॅमिनेट करा

महिनाअखेर अहवाल. यात रँकिंग कुठेही लिहायचं नाही. 'रीच', 'इम्प्रेशन', 'एंगेजमेंट' लिहायचं. प्रत्येक आकड्यापुढे हिरवा बाण, वर जाणारा. बाण मी आधीच छापून घेतो, आकडे नंतर.

गिऱ्हाईक चौकस निघालं तर तक्ता काढा. ज्या साईट गुगलवर पुढे त्यांच्या पोस्टना लाईकही जास्त, असे तक्ते आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या फिरताहेत. ते खोटे नाहीत. पोळ्याच्या सुमारास पाऊसही असतोच. म्हणून काही बैलाच्या शिंगांना बेगड लावल्यानं तो पडत नाही, हे वऱ्हाडातल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण तोच शेतकरी वेबसाईट काढतो तेव्हा बेगडीचं बिल निमूट भरतो. का, ते मला आजवर कळलेलं नाही आणि कळून घ्यायची घाईही नाही.

आणखी चौकस निघालं तर व्हिडिओ लावा. गुगलचे मॅट कट्स नावाचे अधिकारी होते. २०१० च्या डिसेंबरात ते म्हणाले की सोशल मीडियावर काय चाललंय याचा आम्ही रँकिंगसाठी काही उपयोग करतो. २०१४ च्या जानेवारीत तेच म्हणाले की फेसबुक-ट्विटरची पानं आम्हाला इतर कुठल्याही पानासारखीच. किती लाईक, किती फॉलोअर, हे रँकिंगसाठी पाहत नाही. तर लाव रे तो व्हिडिओ; पण २०१० चा.

आणि रँकिंग दाखवाच असा हट्टच धरला, तर गिऱ्हाइकाला त्याच्याच फोनवर शोधायला लावा. काका रोज टेकाडावर जाऊन दहा वेळा आपलीच साईट शोधतात आणि तिच्यावरच बोट ठेवतात. गुगल अशा माणसाची सवय ओळखतो. काकांच्या फोनवर काका पहिले आहेत. दगडावर उभं राहून त्यांनी मला तो पडदा दाखवला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाहू नका, एवढं मी त्यांना वैद्याच्या पथ्यासारखं सांगून ठेवलंय.

एक सावधगिरी, पायरी नव्हे

घरात कॉलेजला जाणारी पोरगी असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा. काकांच्या पोरीनं एका सुट्टीत काय केलं? गुगलच्या नकाशावर दुकान जिथं आहे तिथं टोचणी लावली. फोन नंबर टाकला, तोही काकांचा नाही, आत्याचा, कारण आत्या परतवाड्याला राहते आणि तिला रेंज असते. दुकान किती वाजता उघडतं ते लिहिलं. खोल्यांचे, न्हाणीघराचे आणि चुलीचे फोटो टाकले, जसे आहेत तसे. 'वाघ दिसेलच असे नाही, रबडी मात्र असते' असंही लिहिलं. पाहुणे निघताना ती म्हणते, 'रेंज आली की दोन शब्द लिहा ना नकाशावर.' आणि ते लिहितात. एका सायकलवाल्या डॉक्टरीणबाईंनी तर आपल्या प्रवासाच्या लेखात रबडीवर अख्खा परिच्छेद लिहून साईटची लिंक दिली. शिक्का नसलेली, मोजली जाणारी.

या सगळ्याला पैसे लागले शून्य. अशानं आमची पोटं कशी भरणार? मी काकांना स्पष्ट सांगितलं, पोरीला बी.एस्सी. नीट करू द्या, या भानगडीत पाडू नका. काका म्हणाले, 'तिनं कायी केलंच नाई ना बाप्पा. ना वाघ, ना बाण.'

पायरी ९. चौकशीची वाट पाहा

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कधीतरी वेबसाईटवरच्या 'संपर्क करा' या चौकटीतून पहिली चौकशी येईल. तो दिवस वेगळाच. काकांना आली तेव्हा ते चप्पल न घालता टेकाडावर चढले आणि तिथून मला फोन केला.

'साहेब, आली! चौकशी आली!'

'वाचा, वाचा. किती माणसं? किती रात्री?'

'लिवलंय, नमस्कार. आम्ही आपली सुंदर वेबसाईट पाह्यली.'

'पुढं?'

'परंतु ती गुगलच्या पयल्या पानावर दिसून येत नाई.' काका अक्षर लावत वाचत होते. 'सोशल मीडियाच्या साहाय्यानं आम्ही आपल्याले... हमखास... खाली नंबर देल्ला हाय.' मग बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. 'साहेब, हा नंबर त् तुमचाच हाय.'

'काका,' मी म्हटलं, 'आवाज तुटून राहिला तुमचा. रेंज गेली वाटते.'